मदत हवी आहे: पैलवान आणि बिगरपैलवान, एमआरआयच्या तुलनेला कुठलं मॉडेल लावू?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, एमडीच्या प्रबंधावर काम करतोय. इथल्या तालमींतले २२ पैलवान आणि आयुष्यात कधी आखाड्यात न उतरलेले २२ पुरुष, असे दोन गट. मेंदूतल्या ग्रे मॅटरमध्ये (चेतापेशींच्या करड्या भागात) फरक आहे का, एवढंच बघायचंय. सगळे स्कॅन एकाच ३ टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या मशीनवर झालेत. (तेही सोपं नव्हतं. मोडलेल्या कानांवर हेडफोन बसेनात, आणि एकाच्या मानेकडं बघून टेक्निशियननं आधी डोक्याभोवती बसवायच्या कॉइलकडं आणि मग माझ्याकडं बघितलं.)

प्रोसेसिंग एफएसएल या मेंदूच्या स्कॅनसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये झालं. गाडी अडलीय मॉडेलवर. नुसती टू-सॅम्पल टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरींची तुलना) लावली तर फ्रंटल भागात फरक दिसतो. वय कोव्हेरिएट म्हणून (म्हणजे त्याचा परिणाम वेगळा काढायला) घातलं, सगळ्या ४४ जणांची सरासरी वजा करून, की फरक गायब. तेच प्रत्येक गटाची आपापली सरासरी वजा केली की फरक परत हजर! यातलं खरं कुठलं? शिवाय मॉडेलच्या तक्त्यात दोन गटांचे दोन कॉलम आणि वर सगळीकडं १ असलेला एक कॉलम घातला की 'रँक डेफिशियंट' (एखादा कॉलम बाकीच्यांतूनच निघतो) अशी तक्रार येते. डोकं चालंना झालंय.

प्रतिसाद

शेवटचं आधी: सगळीकडं १ असलेला कॉलम काढा. दोन गटांच्या कॉलमांची बेरीज म्हणजे तोच कॉलम, नवीन माहिती काहीच नाही.

गटागटाची सरासरी वजा केली की दोन गटांच्या वयातली तफावतच पुसली जाते. मग हातात येतो तो टी-टेस्टमधलाच कच्चा फरक. म्हणून तो 'परत हजर'. सरासरी सगळ्यांची मिळूनच वजा करा. पण वयं किती आहेत ते लिहिलंच नाहीत.

धागाकर्ता

पैलवान १८ ते २४. दुसरे २६ ते ३९, बहुतेक आमच्याच स्टाफमधले.

प्रतिसाद

मग मॉडेल विसरा. गट सांगितला की वय कळतंय. ही गाठ कुठलंही मॉडेल सोडवणार नाही. पंचविशीच्या आतले बिगरपैलवान शोधा, मग वय घाला. सोबत कवटीच्या आतलं एकूण आकारमानही घाला, पैलवान अंगानं मोठे असणार. नंतर एफएसएलच्याच रँडमाइजमध्ये टीएफसीई (शेजारच्या बिंदूंचा आधार धरून फरक ठळक करायची पद्धत), ५००० परम्युटेशन, म्हणजे गटांची लेबलं तितक्यांदा अदलाबदल करून तपासणी. क्लस्टरच्या (फरक दिसणाऱ्या बिंदूंच्या पुंजक्याच्या) नेहमीच्या, सूत्रावरून काढलेल्या पॅरामेट्रिक पी-व्हॅल्यूवर विसंबू नका. एकलुंड, निकोल्स आणि नूटसन यांनी २०१६ मध्ये एफएमआरआयच्या (मेंदूचं काम टिपणाऱ्या एमआरआयच्या) बाबतीत तिची चांगलीच पोलखोल केलीय.

आणि एक, कुणी वजन उतरवून आलं होतं का? अंगातलं पाणी कमी झालं की मेंदूचं आकारमानही थोडं घटतं.

धागाकर्ता

अरे देवा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी आलेले तिघं आहेत. त्यांना परत बोलावतो, आणि सोमवारी होस्टेलवर जाऊन पोरं गोळा करतो.