समोरच्याचं ऐकायची सवय कशी लावू?

दारव्ह्याकडं माझं कृषी केंद्र आहे. गिऱ्हाईक बोलायला लागलं की मी मधेच तोडतो. परवा एक काका कपाशीबद्दल म्हणाले, "पऱ्हाटीची पानं लाल पडून राह्यली..." झालं! मी मॅग्नेशियम सल्फेटचं पाकीट काऊंटरवर ठेवलंही. काका चिडले, "आयकून तं घे ना बापू! बांधाखालच्या दोनच ओळींत हाय. तिथं पाणी साचते." म्हणजे आधी चर काढायला हवा होता, पाकीट नंतर. घरी तर विचारूच नका. बायको बोलते तेव्हा माझ्या डोक्यात उधारीची वही उघडी असते.

आशाताई: भाऊ, गरोदर बाई मलाही आधी "समदं ठीक हाय" म्हणते. मी रजिस्टर मिटते, चुलीपाशी बसते, गप्प राहते. अर्धा कप चहा संपला की मग हळूच पाय सुजल्याचं निघतं. तुम्ही तो कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून पाहा.

निवृत्त मास्तर: कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1957 साली यावर लिहिलंय: ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगून खात्री करायची. पण बेतानं हो. मी घरी प्रयोग केला तर सौ. म्हणाली, "हेच तं मी आत्ता बोलली!"

प्रश्नकर्ता: काल करून पाहिलं. एका गिऱ्हाईकानं पाऊण तास घेतला, त्यातला अर्धा वेळ जावयाबद्दल. विक्री शून्य. रात्री बायकोचंही मुकाट्यानं ऐकलं, तर तिनं कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून.