चिऱ्याच्या भिंतीवर एसी: स्वतः बसवू की माणूस बोलवू?

चिरेबंदी, माशेल

नमस्कार मंडळी. गोव्यात माशेलला आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे. दोन फूट जाडीच्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. आईला आता मे महिन्यात रात्रीची झोप लागत नाही, म्हणून तिच्या खोलीला जिप्समचं छत करून घेतलं आणि परवा ऑनलाइन सेलमध्ये दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी घेतला.

एसी स्वस्तात पडला. बसवायचा हिशेब ऐकला आणि मी खुर्चीत नीट बसलो. बसवणावळ दीड हजार. स्टँड वेगळा. बॉक्समधला तीन मीटर पाइप संपला की पुढे मीटरवर पैसे. भिंतीला भोक पाडायचे पुन्हा वेगळे, "कारण तुमची भिंत जाड आहे." आजोबांनी भिंत जाड बांधली त्याचा दंड मी भरायचा! बरं, माणूस येणार कधी? "मंगळवारपर्यंत." कुठला मंगळवार, ते काही सांगत नाहीत.

मी तसा हाताने कामं करणारा माणूस. विहिरीचा पंप मीच उघडतो, नळाची कामं मीच करतो, हॅमर ड्रिल घरात आहे. व्हिडिओ पाहिले तर काम काही मोठं दिसत नाही. भोक पाडा, आतली प्लेट ठोका, पाइपचे नट आवळा, बाहेरचे दोन व्हॉल्व्ह उघडा, झालं. गॅस तर म्हणे आउटडोअरमध्ये आधीच भरलेला असतो.

मग माणूस हवाच कशाला? कोणी स्वतः बसवलाय का? हत्यारं काय लागतील? वॉरंटीचं काय होतं? बायको म्हणते, "आईच्या खोलीवर प्रयोग नकोत." धाकटा भाऊ म्हणतो, बिनधास्त कर. तो म्हापशाला फ्लॅटमध्ये राहतो, त्याचं काय जातंय.

रात्रपाळी, वेर्णा

मी बसवलाय, माझा स्वतःचा. कारखान्यात मेंटेनन्सला आहे, त्यामुळे व्हॅक्यूम पंप (पाइपातली हवा ओढून काढणारा), गेज आणि टॉर्क पाना (नट ठरल्या जोराने आवळणारा) मित्राकडून आणता आले. ते नसते तर हात लावला नसता, हे आधीच सांगतो.

व्हिडिओत नट आवळणं पाच सेकंदांचं असतं. प्रत्यक्षात पाव इंची नटाला आवळायचा जोर साधारण 14 ते 18 न्यूटन-मीटर लागतो, अर्ध्या इंचीला 50 ते 60. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तिकेत मिळेल. कमी आवळला तर गळतो, जास्त आवळला तर पाइपाचं तोंड चिरतं, आणि ते काही आठवड्यांनी गळायला लागतं. पंपाच्या कामाची सवय असलेला हात नेमका जास्त आवळतो.

एक न विचारलेली गोष्ट. जिप्सम छत केलंत, छान. पण त्याच्यावर ग्लासवूल टाकलंय का? कौलं आणि छत यांच्यामधली हवा दुपारी प्रचंड तापते. आणि भिंतीच्या वरच्या कडेला वासे जिथे टेकतात तिथल्या फटी बुजवा. नाहीतर दीड टन कौलांमधून उडून जाईल आणि तुम्ही म्हणाल गॅस कमी आहे.

मालीमचा म्हातारा

माझी उभी हयात गॅसच्या वासात गेली. आधी मालीमच्या जेटीजवळ ट्रॉलरवाल्यांसाठी बर्फाची फॅक्टरी, तिथे अमोनिया. मग कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांतले एसी. आता गुडघे शिडी चढू देत नाहीत, म्हणून बसून लिहितो. लांबेल, वाचून घे.

पहिल्यांदा भिंत. सगळे गॅसवर बोलतात, आणि आपल्याकडे घात भिंत करते. चिरा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, उघड्यावर हवा खाऊन घट्ट होतो, पण पोटात त्याच्या भोकंच भोकं. अँकर बोल्ट आत फुगून पकड धरतो. काँक्रीटमध्ये ते ठीक. चिऱ्यात फुगला की भोवतालचा दगडच चुरतो. आवळताना हाताला घट्ट लागतं, आणि कॉम्प्रेसरच्या हादऱ्याने पहिल्याच पावसाळ्यात सैल होतं. त्यातून तुझं घर आजोबांच्या वेळचं, म्हणजे चिऱ्यांच्या मधले सांधे बहुतेक मातीचे. त्या सांध्यात बोल्ट गेला तर देवाचं नाव घे. शहरातून येणारा पोरगा आरसीसीच्या फ्लॅटांवर शिकलेला असतो, त्याला हे कोणी सांगितलेलं नसतं. मशीन लावतो, बोल्ट ठोकतो, फोटो काढतो, जातो. तीसएक किलोचं धूड आहे ते, खाली कोण बसलंय ते बघत नाही.

पण तुझी खोली तळमजल्यावर आहे ना? मग लटकवतोस कशाला? अंगणात काँक्रीटचे दोन ठोकळे घाल. पावसात पाणी जिथपर्यंत चढतं त्याच्या वर वीतभर तरी. त्यावर रबराचे पॅड, त्यावर आउटडोअर, चारी पाय बोल्टने धरून. मागे भिंतीपासून वीतभर जागा, पुढे दोन हात मोकळं. स्टँडचे पैसे वाचले आणि साफ करायला शिडीही नको. वरच्या मजल्यावर लावायचाच असता तर मी म्हटलं असतं बोल्ट भिंतीतून आरपार काढ, आतून लोखंडी पट्टी दे आणि मग आवळ. आणि ते काम तू करायचं नाही. शिडीवरून पडलेली माणसं मी पाहिली आहेत, तीही रोज चढणारी.

भोक मात्र तूच पाड. तीन बोटं मावतील एवढं, आणि बाहेरच्या बाजूला उतरतं. आत पीव्हीसी पाइपचा तुकडा घाल, नाहीतर भिंतीतली माती गळत राहते आणि त्या वाटेने मुंग्या येतात. आतली प्लेट चुन्याच्या गिलाव्यावर लहान स्क्रूने मारू नको. आधी एक जाड फळी लांब स्क्रूने चार-पाच ठिकाणी धर, मग फळीवर प्लेट.

आता गॅस. आउटडोअरमध्ये तो भरलेला असतो हे खरं. पण पाइपात आणि आतल्या कॉइलमध्ये काय असतं? हवा. आपली मे महिन्यातली हवा म्हणजे ओलं फडकं. व्हॉल्व्ह उघडलास की ती हवा गॅसात मिसळली. हवा थंड होऊन द्रव होत नाही, नुसती जागा अडवते, दाब वाढवते, बिल वाढवते. ओल त्याहून वाईट. आर-32 आणि आर-410ए ह्या एसीच्या गॅसांबरोबर जे तेल असतं ते पाणी चटकन शोषतं, त्यातून आम्ल होतं आणि ते कॉम्प्रेसरच्या वायंडिंगला खातं. एसी पहिल्या वर्षी मस्त चालतो. म्हणून तर लोकांना वाटतं पंपाची गरज नाही.

पंप काय करतो? दाब इतका खाली नेतो की पाइपातलं पाणी अंगणातल्या उष्णतेवरच उकळतं आणि वाफ होऊन बाहेर जातं. तीस अंशाला पाणी उकळायला दाब साधारण 32 मिलिमीटर पाऱ्याच्या खाली न्यावा लागतो. चांगला पंप अर्ध्या मिलिमीटरपर्यंत नेतो, त्याला आम्ही पाचशे मायक्रॉन म्हणतो. तोंडाने ओढून किंवा फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर लावून ते होत नाही. तसलेही व्हिडिओ आहेत, मी बघितलेत.

आर-22 ह्या जुन्या गॅसच्या दिवसांत आम्ही नट ढिला करून गॅसनेच हवा ढकलून द्यायचो. सगळेच करायचे. आर-32 ला तसं करायचं नाही. तो थोडा का होईना पेट घेतो, शिवाय त्याचं माप ग्रॅममध्ये ठरलेलं असतं, सोडलास तेवढा कमी झाला. काही मॉडेलांत आर-290 असतो, म्हणजे प्रोपेन, स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये ब्यूटेनबरोबर मिसळलेला असतो तो. तुझ्या आउटडोअरच्या पट्टीवर काय लिहिलंय ते आधी वाच. आणि दाबाचा अंदाज हवा असेल तर, आर-32 बंद मशीनमध्ये नुसता सावलीत उभा असला तरी अडीचशे पीएसआयच्या वर असतो. गाडीच्या टायरात तीस-पस्तीस असतात.

म्हणून पाइपाची तोंडं, नट, पंप आणि व्हॉल्व्ह एवढं मेकॅनिकला दे. बाकी सगळं तू कर.

पण पुता, माणूस बोलावला म्हणून निर्धास्त होऊ नको. मे महिन्यात त्या पोरांना दिवसाचे एसी उरकायचे असतात. पंप गाडीत असतो आणि गाडीतच राहतो. फोनवरच विचार, "व्हॅक्यूम पंप आणशील ना?" गडबडला तर दुसरा बघ. आयटीआयमधून ह्याच ट्रेडची दोन वर्षं करून आलेली चांगली पोरं आहेत, जरा शोधावी लागतात. पंप अर्धा तास चालू दे. मग बंद करून दहा मिनिटं गेजचा काटा बघत बस. काटा वर सरकला तर नट परत बघायला लाव. स्थिर राहिला तरच व्हॉल्व्ह उघडायचा, मग सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी. तू शेजारी खुर्ची टाकून बस, चहा दे. चहा दिलेल्या घरी पोरं पंप लावतात.

खारा वारा, कोलवा

मालीमच्या काकांनी वायरिंगचं सोडलं, म्हणून मी लिहिते. जुन्या घरातल्या पंख्याच्या लाइनवर एसी जोडू नका. मीटर-बोर्डापासून स्वतंत्र लाइन, 4 स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर, 20 अँपियरचा एमसीबी आणि खरं अर्थिंग. खरं म्हणते कारण आमच्या घरी तीन पिनांचे सॉकेट होते आणि तिसऱ्या पिनेला मागे वायरच नव्हती! हे काम परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्या. मंजूर भार कमी असेल तर वीज खात्यात अर्ज करून तो वाढवून घ्या.

दुसरं म्हणजे गंज. आमच्याकडे बसवणाऱ्यांनी रंग दिलेला साधा लोखंडी स्टँड लावला होता. समुद्र जवळ, स्टँडचे पापुद्रे निघाले, शेवटी गॅल्वनाइज केलेला घ्यावा लागला. माशेल आत आहे, तुम्हाला एवढा त्रास नाही. तरी आउटडोअरची जाळी अधूनमधून साध्या पाण्याने धुवा, वीज बंद करून, आणि प्रेशर पंपाने नको, पत्रे वाकतात. आणि पाली! इन्व्हर्टरच्या सर्किट बोर्डात पाल शिरली की ती मरते आणि बोर्डही. वायर आत जाते तिथली फट बुजवा.

वॉरंटीसाठी कार्ड नीट वाचा. अधिकृत माणसाने बसवल्याची नोंद मागितली असेल तर वाचवलेले दीड हजार पुढे कॉम्प्रेसरला महाग पडतील.

चिरेबंदी, माशेल

सगळ्यांचे आभार. कार्ड वाचलं, अधिकृत माणसाची सही आणि तारीख मागितली आहे. त्यामुळे तो प्रश्न मिटला. पट्टीवर आर-32 लिहिलंय. भोक आणि ठोकळे मी करतो, वायरमन उद्या येतोय. बायकोने हा धागा वाचला आणि काकांना नमस्कार सांगितलाय.

दोन शंका. एक, ड्रेनचं पाणी कुठे सोडू? दोन, भाऊ म्हणतोय त्याचा जुना एसी म्हापशाहून काढून आणून हॉलमध्ये लावू. काढणं तर सोपं असेल ना? गॅस आउटडोअरमध्ये ओढून व्हॉल्व्ह बंद केला की झालं, असं तो म्हणतो.

मालीमचा म्हातारा

वहिनींना माझाही नमस्कार.

पाणी माडाच्या आळ्यात सोड. दमट रात्री तासाला लिटर-दीड लिटर सहज निघतं, माड तक्रार करणार नाही. नळी सगळीकडून उतरती हवी, मधे कुठे पोट नको, आणि टोक पाण्यात बुडू देऊ नको, नाहीतर पाणी उलटं आईच्या भिंतीवर उतरेल. टोकाला बारीक जाळी बांध. वीज जोडण्याआधी आतल्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतून बघ, बाहेर किती वेळात येतं ते.

भावाचा एसी मात्र तुम्ही दोघांनी काढायचा नाही. पद्धत तो सांगतो ती बरोबर आहे, पंप-डाउन म्हणतात त्याला. आधी बारीक पाइपाचा व्हॉल्व्ह बंद, कॉम्प्रेसर चालू, गॅस मागे ओढला की जाड पाइपाचा बंद आणि लगेच मशीन बंद. घोळ इथेच आहे. एखादा नट ढिला असेल किंवा मशीन चालू असतानाच पाइप सोडला, तर कॉम्प्रेसर हवा ओढतो. हवा आणि तेल एकत्र दाबली गेली की आत पेट घेतं, डिझेल इंजिनात घेतं तसं, आणि कॉम्प्रेसर फुटतो. त्यात माणसं जखमी झालेली आहेत. तुझ्याकडे येणाऱ्या पोराला त्याचेही पैसे दे, म्हापशाला पाठव.

आणि जुना एसी आर-22 चा निघाला तर आणूच नको. त्याचे पाइप, गॅस आणि जुना बोर्ड यांवर घालायचे पैसे हॉलच्या नव्या पंख्यांवर घाल.

पंपवाल्याला सकाळची वेळ दे. पाऊस चालू असेल तर पाइपांच्या टोप्या काढायला देऊ नको, दुसऱ्या दिवशी ये म्हणून सांग.