सल्ला हवा: जुन्या खिडक्या-दारांवरचा शिशाचा रंग काढावा की राहू द्यावा?

कडीपाट

नमस्कार मंडळी. मिरजेला आजोबांनी १९६३ साली बांधलेलं घर आहे. धाकटी बहीण बाळंतपणाला येणार, सातवा संपत आलाय, म्हणून आईने रंगकाम काढलं. रंगारी म्हणतो, खिडक्यांवर इतके थर चढलेत की नवीन रंग धरणार नाही. ब्लो लॅम्प (ज्योतीचा दिवा) मारून लाकडापर्यंत साफ करतो, चार दिवसांत मोकळे.

काल एका चौकटीवर ब्लेडने खाच मारून पाहिली. वर क्रीम, खाली पोपटी, मग गडद हिरवा, मग परत क्रीम. कांद्यासारखे पापुद्रे. गजांवर तर सगळ्यांत खाली शेंदरी प्रायमर. जुन्या ऑइल पेंटात शिसं असायचं असं वाचलं आणि काम थांबवलं. आई म्हणते, "हे खूळ कुणी घातलं तुझ्या डोक्यात?" असं काम कुणी केलंय का? बजेट बेताचं आहे.

जर्सीची_सून

थांबवलंत ते फार बरं केलंत. ब्लो लॅम्प अजिबात नको! आमचं न्यू जर्सीतलं घर १९५२चं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरात रंगाला हात घालणाऱ्या कंत्राटदाराकडे २०१०पासून प्रमाणपत्र लागतं. त्याला तीन गोष्टी करता येत नाहीत: उघडी ज्योत लावणं, ५९३ अंश सेल्सिअसच्या वर जाणारी हीट गन वापरणं आणि हेपा फिल्टरने (अगदी बारीक कण अडवणारा) धूळ ओढून न घेणारं घासायचं मशीन चालवणं. ज्योतीने शिशाचा धूर होतो, तो थेट फुप्फुसात जातो. कोरडं घासलं की धूळ होते. ती जमिनीवर बसते, आणि रांगणारं मूल हात तोंडात घालतं.

आमच्याकडे कामाच्या खोलीतलं सगळं सामान बाहेर काढून जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरलं होतं, दारालाही प्लास्टिकचा पडदा. रंगावर पाणी फवारायचं, ओलं असतानाच खरवडायचं.

रंगारीकाका

३४ वर्षं रंगाच्या धंद्यात काढली, म्हणून बोलतो. मूळ सफेता म्हणजे शिशाचाच पांढरा. पिवळ्या-नारिंगीत आणि त्यापासून केलेल्या हिरव्यात शिशाचं क्रोमेट. रंग लवकर वाळावा म्हणून जे ड्रायर घालायचे त्यातही शिसं. गजांवरचा थर भडक शेंदरी असेल तर तो बहुधा शेंदूरच, म्हणजे शिशाचाच, पूर्वी मारुतीला लावायचे तोच. विटकरी असेल तर रेड ऑक्साइड, ते लोखंडाचं. चुना-डिस्टेंपरच्या भिंतींची काळजी त्या मानाने कमी.

आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको, ही सक्ती नोव्हेंबर २०१७पासून. त्याआधीचा कुठलाही ऑइल पेंट संशयितच धरा. चाचणीच्या काड्या मिळतात, शिसं असेल तर गुलाबी-लाल होतात. पण घासायच्या आधी खाच सगळ्या थरांतून जायला हवी, नाहीतर वरच्या क्रीमचीच परीक्षा होते. रंगच तांबडा असेल तर काडी फसवते. खात्री हवी तर पोपडे प्रयोगशाळेत द्या.

आता मुद्द्याचं. जो रंग घट्ट बसलाय तो काढूच नका. साबणाच्या पाण्याने पुसा, वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर) ओला करून हलका फिरवा, प्रायमर लावून वरून नवा हात द्या. शिसं आत राहिलं तरी बंद राहतं. नुसता रंग फसतो तो झडप चौकटीला घासते तिथे, कारण उघडझाप झाली की भुगा पडणारच. तेवढ्याच कडा ओल्या करून साफ करा. पावसाळ्यात फुगलेलं दार सुतार जागेवरच रंध्याने तासायला लागतो. त्याला म्हणावं, बिजागऱ्या काढ, दार अंगणात प्लास्टिकवर घे, पाणी मार, मग तास.

मिरची_भजी

चाळीत आम्ही पोपडे काढत मोठे झालो, काही झालं नाही. उगाच घाबरवू नका हो.

गुळपोळी

मिरची_भजी, झालं की नाही ते डोळ्यांना दिसत नाही, हीच तर गोम आहे. थोड्याशा शिशानेही मुलांच्या बुद्धीवर आणि एकाग्रतेवर परिणाम होतो.

कडीपाट, ताईंना कामाच्या काळात घरात आणू नका. "वरच्या खोलीत बसेल" हेही नको. पोटातल्या बाळापर्यंत शिसं पोचतं. शंका असेल तर शिरेतलं रक्त देऊन शिशाची तपासणी होते, डॉक्टरांना विचारा. अमेरिकेत लहान मुलांमध्ये ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेलं की लक्ष घालतात. लोह आणि कॅल्शियम पोटात व्यवस्थित असेल तर शिसं कमी शोषलं जातं.

आणि रंगाऱ्याचीही पोरं असतात. त्याला पी१०० फिल्टरचा (बारीक धूळ अडवणारा) रबरी मास्क द्या. तोंडाला बांधलेला रुमाल कामाचा नाही. दाढी असेल तर मास्क नीट बसत नाही. जेवायच्या आधी हात-तोंड धुवायचं, कपडे तिथेच बदलायचे.

कडीपाट (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार. काडी गजांवर आणि हिरव्या थरावर लाल झाली. तांबड्या रंगाबद्दल काका म्हणाले होते म्हणून गजांचे पोपडे प्रयोगशाळेत दिले, शिसंच निघालं. आई गप्प झाली.

ब्लो लॅम्पवाल्याने "पाणी मारून कुणी रंग काढतं का" म्हणून काम सोडलं. दुसरा मिळाला, दोन दिवसांची मजुरी जास्त घेतली, पण ऐकलं. माजघराच्या दोन खिडक्यांचे पोपडे फारच सुटले होते, त्या झडपा काढूनच टाकल्या, नव्या केल्या. बाकीवर घट्ट रंग होता, तिथे नुसता हात दिला. रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसणं: एक बादली साबणाची, दुसरी साध्या पाण्याची. झाडू बंद. बहीण काम संपेपर्यंत कोल्हापूरला मावशीकडे आहे.

सुताराने जुन्या झडपा मागितल्या, "बंबात छान पेटतील." नाही म्हटलं. मग गल्लीतली पोरं होळीसाठी मागायला आली, त्यांनाही नाही. आता त्या झडपा आणि खरवडलेल्या पोपड्यांची दोन पोती प्लास्टिकमध्ये बांधून पडवीत ठेवलीत. याचं पुढे काय करायचं? काका, सांगा ना.

रंगारीकाका

जाळायचं नाही, परसात पुरायचंही नाही, विहीर असेल तर मुळीच नाही. धोकादायक कचऱ्याचे अधिकृत गोळा करणारे असतात, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात चौकशी कर. तोवर पोत्यांवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेव, नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत आईच बंबाकडे नेईल.