हळदीच्या गोदामात पोती चढवण्यासाठी कोणता कन्व्हेअर घ्यावा?

गणपतीपेठ_अडत:
नमस्कार. सांगलीत आमची हळदीची अडत असून शहरालगत गोदाम आहे. हंगामात 50 किलोची पोती ट्रकमधून उतरवून काट्यावर नेणे आणि पुढे सुमारे 4 मीटर उंचीची थप्पी लावणे, हे सगळे काम हमाल पाठीवरून करतात. जुने हमाल आता थकले आहेत आणि नवी पोरे या कामाला येत नाहीत. तासगावच्या शीतगृहात आमचे बेदाण्याचे 15 किलोचे बॉक्स असतात, तेथेही हीच अडचण आहे. एका विक्रेत्याने दोन्हीकडे रोलर कन्व्हेअर (ओळीने लावलेल्या फिरत्या नळ्यांवरून माल सरकवणारे यंत्र) बसवण्यास सुचवले आहे. हा सल्ला योग्य आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कुपवाड_मेंटेनन्स:
सल्ला बेदाण्यापुरता बरोबर आहे, हळदीसाठी मुळीच नाही. रोलरवर माल नीट सरकायचा असेल, तर त्याचा तळ सपाट आणि ताठ हवा, शिवाय कोणत्याही क्षणी त्याच्याखाली किमान तीन रोलर असायला हवेत. म्हणजे बॉक्स 36 सेंटीमीटर लांब असेल, तर दोन रोलरांमधले अंतर 12 सेंटीमीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पोत्याचे तसे नसते. त्याचा मऊ तळ दोन रोलरांमधल्या फटीत बसतो, शिवलेल्या तोंडाचा कान अडकतो आणि मागून येणारी पोती त्याच्यावर चढू लागतात. पोत्यांसाठी फिरत्या पट्ट्याचा कन्व्हेअरच घ्यावा.

खरा प्रश्न चढाचा आहे. गुळगुळीत पट्ट्यावर पोते साधारण 20 अंशांपर्यंत टिकते आणि त्या कोनात 4 मीटर उंची गाठायची, तर पट्टा जवळपास 12 मीटर लांब लागतो. एवढे यंत्र थप्प्यांमधल्या गल्लीत वळवणार कसे? खडबडीत पृष्ठाचा किंवा आडव्या पट्ट्या बसवलेला पट्टा घेतल्यास कोन 30 अंशांपर्यंत नेता येतो आणि 8 मीटरमध्ये काम भागते. मात्र तागाचे बारदान पट्ट्याला धरून राहते, तर प्लॅस्टिकचे विणलेले पोते घसरते. त्यामुळे विक्रेत्याच्या नमुन्याच्या पोत्यांवर विसंबू नका, आपली भरलेली पोती घेऊन जा आणि त्यांच्यावरच चाचणी करा.

साखरगोदाम_निवृत्त:
वाळवा तालुक्यातील एका साखर कारखान्याच्या गोदामात माझी नोकरी झाली. तेथे चाकांवरचा, उंची कमी-जास्त करता येणारा पट्टा वापरत असू. आपल्यालाही तोच सोयीचा पडेल. कायम बसवलेल्या यंत्राच्या मी विरोधात आहे, कारण 2019 आणि 2021 चा कृष्णेचा पूर आपण सर्वांनी पाहिला आहे. चाकांवरचे यंत्र वेळीच हलवता येते. जमिनीत रोवलेल्या मोटारीचे काय होते, ते वेगळे सांगायला नको.

वेगाच्या मोहात मात्र पडू नये. पट्टा मिनिटाला 18 मीटर चालला आणि दर दीड मीटरवर एक पोते ठेवले, तर मिनिटाला 12 आणि तासाला 720 पोती वर जातात. वरच्या टोकाला पोती धरून थप्पी रचणारी दोन माणसे एवढा वेग फार वेळ झेलू शकत नाहीत. तेव्हा वेग कमी-जास्त करण्याची सोय असलेले यंत्र घ्यावे. एवढ्या कामाला 2 अश्वशक्तीची मोटार पुरते. त्याहून मोठी गळ्यात मारली जात असेल, तर कारण विचारा.

तोलाई_हिशेब:
वरील दोघांशी मी अंशतः असहमत आहे. पोती काट्यावर एकेक करून थांबत असतील, तर पुढे कितीही चांगला पट्टा लावला, तरी रांग काट्याशीच लागणार. आधी काट्याची जागा बदलून पाहावी. दुसरे म्हणजे, आपले हमाल माथाडी मंडळाकडे नोंदलेले असतील, तर 1969 च्या माथाडी कायद्यामुळे त्यांची मजुरी मंडळामार्फत जाते. यंत्र आल्यावर टोळीत माणसे किती आणि दर कोणता, हे मंडळ व टोळीच्या मुकादमाशी बोलून आधीच लेखी ठरवावे. यंत्र दारात उभे राहिल्यावर ही बोलणी कडू होतात.

गणपतीपेठ_अडत:
सर्वांचे आभार. काटा दारापासून आत आहे, तो ट्रकजवळ आणून पाहतो. शीतगृहात दमटपणामुळे पट्टा घसरेल का?

कुपवाड_मेंटेनन्स:
शीतगृहात बॉक्ससाठी साधे, विजेविना चालणारे रोलर ठेवा, म्हणजे पट्ट्याचा प्रश्नच उरत नाही. फक्त ढाळ इतकाच ठेवा की बॉक्स सरकेल, पण खालच्या टोकाला आदळणार नाही. गोदामातल्या फिरत्या पट्ट्याबाबत एक गोष्ट राहिली. यंत्र एका प्लगवरून दुसऱ्यावर नेताना विजेच्या तीन फेजचा (तारांचा) क्रम उलटला, तर पट्टा उलटा फिरतो आणि चढलेली पोती खालच्या माणसावर येतात. फेजचा क्रम तपासणारा रिले पॅनेलमध्ये आहे का, ते ऑर्डर देण्यापूर्वी पाहा, आणि दोन्ही टोकांच्या ड्रमवर जाळी व पट्ट्याच्या लांबीभर ओढून बंद करण्याची दोरी मागून घ्या.