मदत हवी आहे: डेम्पस्टर हायवेवर ट्रेलर ओढत न्यावा का? (कॅनडा, सोबत आई)

नमस्कार मंडळी,

आम्ही कॅल्गरीत राहतो. यंदा जूनच्या शेवटी साताऱ्याहून आई येतेय. तिने 30 वर्षं शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर आर्क्टिक वृत्त काढून मुलांना मध्यरात्रीचा सूर्य समजावला, पण स्वतः कधी पाहिला नाही. म्हणून युकॉनमधल्या डॉसनजवळून सुटणाऱ्या डेम्पस्टर हायवेने इनुविकपर्यंत आणि पुढे टुक्टोयाक्टुकला समुद्रापर्यंत जायचं ठरवलंय. डेम्पस्टर साधारण 740 किमी, इनुविकपासून टुक आणखी 138, आणि जवळजवळ सगळा रस्ता मुरमाचा.

आमचा राहायच्या सोयीचा ट्रेलर 19 फुटी आहे, भरल्यावर वजन 2,000 किलोच्या आसपास. पिकअपला ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक लावणारा) आहे, हिच म्हणजे ट्रेलर जोडायची कडीही चांगली आहे. डांबरी रस्त्यावर मी तो दोन वर्षं ओढतेय, त्याची भीती नाही. भीती बसली ती मागच्या वर्षी कॅल्गरीजवळच्या कॅननास्किसमधल्या स्मिथ-डोरियन रस्त्यावर. तोही मुरमाचा, पण जेमतेम 60 किमी. मध्ये मध्ये रस्ता पन्हळी पत्र्यासारखा झाला होता. मुक्कामी दार उघडलं तर फ्रिजमागच्या जाळीतून आलेला धुरळा गाद्यांवर बोटभर, सिंकमध्ये कपाटाचे चार स्क्रू पडलेले आणि पंपाचा जोड सुटून पाणी फरशीवर. पोह्यांचा डबा उघडला तर झाकणाच्या आट्यांतसुद्धा माती.

परत आल्यावर एका टायरला बाजूने फुगा दिसला. ट्रेलर जुना घेतला तेव्हा विकणाऱ्याने टायर नवे असल्याचं सांगितलं होतं. नंतर बाजूचे चार आकडे नीट पाहिले: 2317, म्हणजे 2017 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेले. जुना ट्रेलर घेणाऱ्यांनी हे आकडे आधी बघा, मनापासून सांगते. आता चारही टायर बदललेत, वजन पेलण्याची क्षमता एक पायरी वरची घेतली.

ट्रेलर नेण्याचं खरं कारण आईचे गुडघे. तिला रात्री दोनदा उठावं लागतं आणि तंबूत जमिनीवरून उठणं तिला शक्य नाही. नाहीतर ट्रेलर डॉसनलाच ठेवला असता. कुणी हा रस्ता ट्रेलर घेऊन केलाय का? काय तुटलं, काय टिकलं? दोन स्टेपन्या पुरतील का?

प्रतिसाद 1

आम्ही 22 फुटी घेऊन इनुविकपर्यंत गेलो आणि परत आलो, म्हणजे जमतं. पण वेग हाच सगळ्यात मोठा उपाय आहे. ताशी 60 च्या वर जाऊ नका, पन्हळी लागली की 30. टायरमधली हवा थोडी उतरवा, मात्र हवा कमी ठेवून वेग वाढवलात तर टायर तापून फाटेल. मुरमात शेल या पापुद्र्यांच्या दगडाचे धारदार तुकडे असतात, तेच टायर कापतात. दोन स्टेपन्या, हवेचा पंप आणि जॅकखाली ठेवायला जाड फळी घ्या. आम्हाला फळीच जास्त कामाला आली.

रस्त्याच्या कडेला अजिबात उतरू नका. खाली कायम गोठलेली जमीन आहे. ती वितळू नये म्हणून जाड मुरमाचा भराव घालून वर रस्ता केलाय, त्यामुळे कडा मऊ आहेत. ट्रेलरचं उजवं चाक तिथे गेलं की ट्रेलर खाली ओढतो. थांबायचं तर थांब्याच्या जागीच. समोरून मालट्रक आला की वेग अगदी कमी करून उजवीकडे राहा, उडणाऱ्या खड्यांपासून काच वाचेल.

पेट्रोल: डेम्पस्टर सुरू होतो त्या वळणापासून ईगल प्लेन्स हा थांबा 369 किमी, मध्ये पंप नाही. एकटी गाडी जे ॲव्हरेज देते ते ट्रेलर ओढताना मिळणार नाही, तेव्हा कॅन भरून न्या. बहुतेक रस्त्यावर मोबाइलला रेंज नसते, सॅटेलाइट मेसेंजर हवाच.

धुरळ्यासाठी: फ्रिज पूर्ण बंद करा, मगच बाहेरच्या जाळीवर टेप लावा. गॅस सिलिंडरही चालताना बंद.

प्रतिसाद 2

मी याच्या विरुद्ध सांगेन. कोरड्या दिवशी वर म्हटलंय ते बरोबर आहे, पण धूळ बसावी म्हणून रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड टाकतात आणि पाऊस पडला की तो चिखल साबणासारखा निसरडा होतो. वाळला की ट्रेलरच्या पोटाला सिमेंटसारखा चिकटतो. शिवाय पील आणि मॅकेन्झी या दोन नद्यांवर फेरीबोट आहे. मुरमाच्या उतारावरून बोटीवर चढताना आमच्या ट्रेलरचा मागचा भाग घासला आणि सांडपाण्याचा पाइप तुटला. तुमच्या मागच्या टोकाची जमिनीपासून उंची किती आहे ते मोजा.

ट्रेलर ईगल प्लेन्सपर्यंत न्या. तिथे हॉटेल आहे, कॅम्पिंगची जागा आहे, टायरचं काम होतं. आर्क्टिक वृत्त तिथून फक्त 36 किमी. पुढे नुसती गाडी घ्या आणि इनुविकला खोली करा. आईंना कमोड आणि पलंग दोन्ही मिळेल. आणि जाताना वाटेवरच्या टूम्बस्टोन पार्कला घाई करू नका. माझी दोन मुक्कामांची जागा तीच.

धागाकर्तीचं उत्तर

दोघांचे खूप आभार. संध्याकाळी टेप घेऊन मोजलं: सांडपाण्याचा पाइप जमिनीपासून 27 सेंमी, आणि तोच सगळ्यात मागे आहे. दुसरा सल्ला पटला. टूम्बस्टोनला दोन रात्री, ईगल प्लेन्सला एक, मग ट्रेलर तिथे तीन-चार दिवस ठेवता येईल का ते उद्या फोन करून विचारते. इनुविकची खोली आजच बघते.

आईला व्हिडिओ कॉलवर टूम्बस्टोनचे फोटो दाखवले. झाड नाही, नुसती बुटकी फुलं आणि मागे काळे सुळके. ती म्हणाली, "कासच्या सड्यासारखं आहे गं, फक्त खाली कातळाऐवजी बर्फ." मग तिने विचारलं की त्या भरावाखालचं बर्फ रस्ता खोदताना दिसतं का.

ईगल प्लेन्सपासून पुढे नुसती गाडी असेल तर एक स्टेपनी ट्रेलरजवळ ठेवून चालेल, की पिकअपच्याच दोन हव्यात? एवढं कुणी सांगितलं तर बरं होईल.