अनुभव धागा: डॉक्टरांचा हातगुण तुम्ही कशावरून ओळखता?

आमचे फॅमिली डॉक्टर दिवाळीनंतर दवाखाना बंद करून मुलीकडे राहायला गेले. तीस वर्षांत दुसऱ्या कुणाची पायरी चढावी लागली नव्हती. आता आईसाठी (वय 74, मधुमेह, रक्तदाब) कोथरूडात कुणीतरी शोधायचंय. पाट्यांना तोटा नाही. गूगलवर बघितलं तर एकाला पाच तारे, कारण 'पार्किंगची सोय उत्तम'. दुसऱ्याला एकच, कारण रिसेप्शनिस्ट फोनवर वसकली. उपचारांबद्दल अवाक्षर नाही. शेजारच्या काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "हातगुण आहे हो त्यांना!" आता सर्दी काय, आठवड्याभरात कुणाच्याही हातून बरी होते.

तर तुम्ही काय बघता? डॉक्टरांची नावं नकोत, प्रसंग लिहा.

*

रक्तदाब कसा मोजतात ते बघा. आम्ही डोंबिवलीचे. बाबा दोन जिने चढून धापा टाकत जायचे, कंपाउंडर शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळायचा आणि डॉक्टर दुसऱ्याच पेशंटशी बोलता बोलता आकडा लिहायचे. 168. पुढच्या खेपेला 172. गोळी वाढली, मग आणखी एक आली. एका पहाटे बाबा बाथरूमला उठले ते चक्कर येऊन पडले, कपाळाला चार टाके.

मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी पाच मिनिटं नुसतं बसवून ठेवलं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. बाबांना गप्पा मारायची भारी हौस, पण तेवढा वेळ बोलायलाही बंदी. दोन्ही हातांवर मोजला, परत मोजला : 126. मग उभं करून मोजला तर 104. "काका, तुम्हाला गोळ्याच जास्त होतायत." हे सगळं व्हायला दहा मिनिटं लागली असतील. फी आधीच्यांपेक्षा 50 रुपये कमी.

*

सांगोला तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडं सुई मारली नाही तर डॉक्टर कसला, असं म्हणणारी माणसं अजून आहेत. आईचे गुडघे धरायचे म्हणून बाजाराच्या गावातल्या एका डॉक्टरकडं न्यायचो. कागदाच्या पुडीत सुट्ट्या पांढऱ्या गोळ्या. नाव विचारलं तर "ताकदीच्या आहेत". दोन दिवसांत आई पळायला लागली, आम्ही चार पाहुण्यांना पत्ता दिला. वर्षभरात तोंड भोपळ्यासारखं सुजलं, साखर वाढली. पंढरपूरच्या डॉक्टरांनी पुडी बघूनच ओळखलं, स्टिरॉइड असणार. पण म्हणाले, तेसुद्धा एकदम बंद करू नका, जीवावर बेतेल, हळूहळू उतरवू. तवापासून आमचा नियम, जो डॉक्टर औषधाचं नाव कागदावर लिहून देत नाही त्याच्याकडं जायचं नाही. गुण लई झटपट आला तरी मी आता घाबरतो. पाहुण्यांपैकी दोघं अजून तिथंच जातात.

*

इंग्लंडमध्ये दवाखान्यांनाही प्रगतिपुस्तक असतं. केअर क्वालिटी कमिशन ही आरोग्यसेवांवर देखरेख ठेवणारी संस्था तपासणी करून चारपैकी एक श्रेणी देतं आणि ती दारात लावावीच लागते. आमच्या जीपीकडे (म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांकडे) 'चांगला' अशी पाटी आहे. पण अपॉइंटमेंटसाठी सकाळी 8 च्या ठोक्याला फोन लावायचा आणि 'तुमचा क्रमांक तेविसावा' हे ऐकत चहा गार करायचा. तिथल्या नर्सने मात्र एकदा म्हटलं, "इनहेलर माझ्यासमोर ओढून दाखव." दहा वर्षं मी तो न हलवता, चुकीचा घेत होते! भारतात किंवा इथे, कुणीच कधी बघितलं नव्हतं.

*

हातगुण असतो, थट्टा करू नका. आमचे डॉक्टर नुसते "काही होत नाही रे" म्हणाले तरी निम्मा ताप उतरायचा.

*

मी स्वतः नाशिकला 22 वर्षं प्रॅक्टिस करते, म्हणून दुसरी बाजू. आधी कबुली : साध्या सर्दीला मीही अँटिबायोटिक लिहिलेलं आहे. नाही दिलं तर पेशंट शेजारच्या दवाखान्यात जातो आणि तिसऱ्या दिवशी, आपोआप उतरायच्या वेळी, ताप 'त्यांच्या' औषधाने उतरतो. हल्ली नाही लिहीत. कमी होतात पेशंट, होऊ देत.

नियमांचं म्हणाल तर डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर हवा, फीचा फलकही हवा. ॲडमिट झालेल्या पेशंटने कागदपत्रं मागितली तर 72 तासांत द्यायची. पण पाटी नीट म्हणजे डॉक्टर नीट, असं मी म्हणणार नाही.

तुमच्या आईंना मधुमेह आहे ना? मग एकच बघा. डॉक्टर पाय तपासायला चपला-मोजे काढायला सांगतात का? रिपोर्टवरची साखर सगळेच बघतात.

*

धागाकर्ता : सगळ्यांचे आभार. पहिल्या दवाखान्यात आई बसायच्या आत चिठ्ठी लिहून तयार होती. काल दुसरीकडे गेलो. नंबर एकोणिसावा, पंखा बंद, पार्किंग नाही. आधी जुनी फाईल वाचली, मग म्हणाले, "आजी, मोजे काढा." उजव्या करंगळीखाली चांगली बोटाच्या पेराएवढी भेग होती. आईला दुखतही नव्हती, आणि घरात कुणालाच माहीत नव्हती.