प्रसादाच्या स्वयंपाकात लो सोडियम मीठ?

मकरंद, ए-५०१: मंडळी, गणपतीच्या जेवणाची किराणा यादी उद्या द्यायची आहे. यंदा लो सोडियम मीठ घेऊ का? आपल्याकडे बीपीवाले बरेच आहेत.

शुभांगी काकू, बी-२०४: घे रे. आमच्याकडे दोन वर्षं तेच आहे. चवीत काही फरक कळत नाही.

नेहा, सी-३०३: मकरंददादा, यादी देण्याआधी एवढं वाचा. आहारतज्ज्ञ म्हणून माझा हा रोजचा विषय आहे. हे मीठ, म्हणजे थोड्या सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं, चांगलंच आहे. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर याचा अभ्यास झाला. बहुतेकांना आधी पक्षाघात होऊन गेलेला, बाकीचे साठीपुढचे बीपीवाले. निम्म्या गावांना दिलेल्या मिठात साधारण ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड होतं. जवळजवळ पाच वर्षांनी, २०२१ मध्ये निकाल आला. त्या गावांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी, मृत्यू १२ टक्क्यांनी कमी. नुसत्या मिठाच्या डब्यातल्या बदलाने!

पण घरात कुणाला मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल किंवा पोटॅशियम धरून ठेवणारी लघवीची गोळी चालू असेल, तर ते घर अभ्यासात घेतलंच नव्हतं. कारण पातेलं सगळ्यांचं एकच. आपलं तर दीडशे माणसांचं पातेलं. जास्तीचं पोटॅशियम मूत्रपिंड बाहेर टाकतं; ते थकलेलं असेल तर पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये या मिठाची शिफारस केली, तीसुद्धा गरोदर बायका, मुलं आणि मूत्रपिंडाचे रुग्ण वगळून.

विनायक काका, ए-१०२: नेहा, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. आमच्या अण्णांचं क्रिएटिनिन वाढलेलं होतं, म्हणजे मूत्रपिंड थकलेलं, तरी चांगलं म्हणून आम्ही हेच मीठ सुरू केलं. महिन्याभरात एका सकाळी त्यांना चहाचा कप उचलवेना. नाडी ४२. रक्तात पोटॅशियम ६.४, म्हणजे फारच जास्त निघालं, चार दिवस आयसीयूत होते. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात सूचना होती. आम्ही ती वाचलीच नव्हती.

शुभांगी काकू, बी-२०४: अगं बाई! यांना स्पायरोनोलॅक्टोन चालू आहे गं नेहा.

नेहा, सी-३०३: काकू, ती पोटॅशियम धरून ठेवणारीच गोळी आहे. आजपासून साधं मीठ काढा आणि उद्याच डॉक्टरांना सांगून पोटॅशियम तपासून घ्या. गोळी मात्र मनाने बंद करू नका. संध्याकाळी येते मी घरी.

मकरंद, ए-५०१: मग प्रसादाला काय करायचं?

नेहा, सी-३०३: साधंच मीठ, पण हात आखडून. दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचा, तोही सगळं धरून. आमटीत आमसूल आणि ओलं खोबरं सढळ घाला, मीठ कमी पडलेलं जाणवत नाही. लोणचं-पापड पानात आपणहून वाढू नका, मागतील त्यांना द्या.

मकरंद, ए-५०१: यादी बदलली. साधंच मीठ, तेही कमी. आमसूल १ किलो जास्त. वाढप्यांना लोणच्याचं मी सांगतो.